शोधयंत्राच्या बाजारातील धंदा

संघाच्या सभासदत्वाच्या अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. त्यात आजवर धान्य, किराणा, कापड, सराफी, भांडी अशी ओळखीची उत्तरे येत असत. अलीकडे त्या रकान्यात 'एस.ई.ओ.' ही तीन अक्षरे दिसू लागली आहेत, आणि ती वाचून आमच्या वयाची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हा धंदा म्हणावा की नोकरी, ह्यात भांडवल किती लागते, माल कोणता विकला जातो, आणि अशा मुलास मुलगी द्यावी काय, असे नाना प्रश्न विचारले जातात. दोनतीन सभासदांनी तर आपल्या चिरंजीवास ह्या कामासाठी पेढीतून रक्कम काढून द्यावी की न द्यावी, असा स्पष्ट सल्लाच आम्हांस विचारला. आमचा जन्म तूर, हरभरा आणि जोंधळा ह्यांच्या घाऊक व्यापारात गेला, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या वखारीच्या माडीवर गेली काही वर्षे हेच काम चालविले आहे, आणि त्याचे वहीखाते दरमहा आमच्या नजरेखालून जाते. त्यावरून व थोड्याफार वाचनावरून ह्या धंद्याविषयी जे समजले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

ह्या अक्षरांचा विस्तार 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' असा आहे. मनुष्यास काही हवे असले म्हणजे हल्ली तो प्रथम शोधयंत्रास विचारतो. अशी यंत्रे अनेक आहेत. परंतु जगातील दहांपैकी सुमारे नऊ शोध एकट्या गूगलवर होतात. लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली ही कंपनी स्थापन केली. विचारलेल्या प्रश्नास जी वेबसाईट अधिक उपयोगी दिसेल ती वर, इतर खाली, अशी यादी हे यंत्र क्षणार्धात काढून देते. आपल्या ग्राहकाची वेबसाईट ह्या यादीत वर यावी, अशा रीतीने तिची बांधणी व मजकूर सुधारणे आणि तिचा लौकिक वाढविणे, हे एस.ई.ओ. करणाराचे काम. यादीच्या वर किंवा मध्ये ज्या जाहिराती दिसतात त्या पैसे भरून लावलेल्या असतात. तो व्यवहार वेगळा. खालच्या खऱ्या यादीतील जागा गूगल विकत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुढील सारी गोष्ट ह्या एका वाक्यावर उभी आहे.

यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचा फिरता गुमास्ता, ज्यास 'गूगलबॉट' म्हणतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर जात जगभरच्या वेबसाईटी वाचीत सुटतो. वाचलेले सारे तो एका प्रचंड खतावणीत मांडतो. आणि कोणी प्रश्न विचारला म्हणजे त्या खतावणीतून योग्य पाने काढून क्रमाने पुढे ठेवली जातात. गुमास्ता दुकानापर्यंत पोहोचलाच नाही, किंवा दाराशी येऊन आतील पाटी त्यास वाचता आली नाही, तर माल कितीही उत्तम असो, खतावणीत नाव चढत नाही. क्रम लावण्याची मूळ युक्ती मात्र व्यापाऱ्यास चटकन पटावी अशी आहे. एका वेबसाईटवरून दुसरीकडे जाण्याचा जो दुवा दिलेला असतो, तो शिफारस मानावयाचा; आणि शिफारस करणाराची स्वतःची पत जितकी मोठी, तितके त्याच्या शिफारशीचे वजन अधिक. लॅरी पेज ह्यांच्या नावावरून तिला 'पेजरँक' म्हणतात. परगावचा नवा व्यापारी उधारीवर माल मागू लागला की आपण तरी दुसरे काय करतो? त्याच्या गावच्या दोन जुन्या पेढ्यांस विचारतो, आणि ज्या पेढीचा शब्द आपल्याकडे चालतो तिच्या उत्तरावर माल सोडतो. पुढे गूगलने क्रम लावताना आणखी शेकडो गोष्टी जमेस धरण्यास आरंभ केला, तरी शिफारशीचे महत्त्व अद्याप गेलेले नाही.

आता माडीवरील मुले दिवसभर करतात काय? त्यांच्या कामाचा मोठा भाग शब्दांचा आहे, आणि आम्हांस तोच सर्वांत रंजक वाटतो. विकणाराचा शब्द एक आणि घेणाराचा शब्द दुसरा, अशी स्थिती फार वेळा असते. दुकानदार आपल्या पाटीवर 'चणाडाळ' लिहितो आणि घरची बाई 'हरभरा डाळ' असे शोधते. आमच्या सीमाभागात तर एकच ग्राहक सकाळी मराठीत, दुपारी कानडीत आणि संध्याकाळी इंग्रजीत विचारतो. कित्येक जण मराठी शब्द रोमन अक्षरांत, आणि तेही दहा तऱ्हांनी लिहितात. उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या वेबसाईटवर 'दर्जा हीच आमची ओळख' अशी मोठी अक्षरे होती, सुंदर छायाचित्रे होती. परंतु आपण कोणत्या धातूचे, किती वजनापर्यंतचे व कोणत्या कामाचे ओतीव भाग करतो, ह्याचा कोठे उल्लेखच नव्हता. पुण्याचा पंप बनविणारा कारखानदार 'दर्जा' हा शब्द शोधीत नाही. तो हव्या त्या भागाचे नाव, धातू व वजन लिहितो. मुलांनी मालकांस दोन दिवस बसवून प्रत्येक भागाची माहिती लिहून घेतली आणि प्रत्येकास वेगळे पान दिले. हे काम दिसावयास कारकुनी आहे, परंतु धंद्याचे मर्म ह्यातच आहे. ज्यास ग्राहकाचा माल समजून घेण्याचा कंटाळा, त्याने ह्या वाटेस न जावे हे उत्तम.

बाकीच्या कामांत वेबसाईट त्वरेने उघडणे, मोबाईलवर नीट दिसणे, मोडलेले दुवे दुरुस्त करणे, प्रत्येक पानास योग्य मथळा देणे ही दुरुस्तीची कामे येतात. गावातल्या गावात ग्राहक येणाऱ्या दुकानासाठी गूगलच्या नकाशावरील नोंद, जिला 'बिझनेस प्रोफाईल' म्हणतात, ती बिनचूक ठेवावी लागते. ही नोंद विनामूल्य आहे. नाव, पत्ता, फोन, उघडण्याची वेळ व चार स्वच्छ छायाचित्रे सभासद स्वतःही भरू शकतात. त्यासाठी कोणास पैसे देण्याचे कारण नाही, असे आमचा पुतण्याच येणाऱ्यास सांगतो. त्यामुळे चार रुपये बुडतात खरे, परंतु तोच मनुष्य पुढे मोठे काम घेऊन येतो, असा अनुभव आहे.

ह्या धंद्यातील सर्वांत मोठा मोह म्हणजे हमी. 'तीन महिन्यांत पहिला क्रमांक, नाहीतर पैसे परत' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बाजार दुसऱ्याचा, तराजू दुसऱ्याचा, आणि भाव काढणारा तिसराच. अशा ठिकाणी क्रमांकाची हमी देणारा एकतर अज्ञानी असतो किंवा आडमार्गाने जाणारा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. आणि सुधारणा करून तिचे फळ दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे त्या कंपनीच्या वतीने २०१७ साली सांगण्यात आले होते. मग प्रामाणिक मनुष्याने विकावे काय? आपले श्रम, आपले ज्ञान आणि दरमहाची खरी हिशेबपट्टी, एवढेच. आडत्या शेतकऱ्यास भावाची हमी देत नाही. माल नीट उतरवितो, स्वच्छ करवून लिलावास लावतो आणि आलेल्या रकमेची पट्टी हाती देतो. त्या पट्टीवर त्याची पेढी तीन पिढ्या चालते.

आडमार्ग कसा असतो, ह्याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. जे. सी. पेनी हे तेथील जुने व मोठे विक्रीभांडार. २०१० सालच्या नाताळाच्या हंगामात पोशाख, अंथरुणे-पांघरुणे, गालिचे असे काहीही शोधा, हे भांडार पहिले. इतके की सॅमसोनाइटच्या प्रवासी पेट्या शोधल्या तरी सॅमसोनाइट कंपनी मागे आणि पेनी पुढे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ह्याचा छडा लावला. ज्यांचा पोशाखाशी किंवा गालिच्याशी काडीचा संबंध नाही अशा दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीकडे जाणारे दुवे पेरलेले होते; म्हणजे शिफारशी विकतच्या होत्या. गूगलने कारवाई करताच, तपासलेल्या ५९ शब्दांत १ फेब्रुवारीस ज्याचा सरासरी क्रमांक १.३ होता, तो १० फेब्रुवारीस ५२ झाला. आम्ही हे केलेले नाही व कोणास सांगितलेलेही नाही, असे भांडाराने जाहीर केले आणि आपल्या सल्लागार संस्थेस काढून टाकले. पेनी मोठी होती म्हणून तगली. आपल्याकडील एखादा छोटा कारखानदार अशा रीतीने यादीतून नाहीसा झाला, तर त्याचे वर्ष जाते. पुढे एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलाने अशा विकतच्या दुव्यांवर यंत्राद्वारेच आघात केला, आणि केवळ दुवे विकून चालणाऱ्या पेढ्यांचा पायाच खचला. मार्च २०२४ मध्ये यंत्राकडून ढिगाने लिहवून घेतलेल्या निरुपयोगी पानांविरुद्धही गूगलने नियम कडक केले. दर काही वर्षांनी असा एक पूर येतो, आणि ज्यांनी नदीपात्रात घरे बांधलेली असतात त्यांची वाहून जातात.

आता व्यवहाराकडे वळू. ह्या धंद्यात वखार नाही, तूट नाही, सोंडे-किडे नाहीत, म्हणून भांडवल लागत नाही, असा समज आहे; तो चुकीचा आहे. येथील माल म्हणजे माणसांचे तास. तूर आज खपली नाही तर पुढच्या महिन्यात खपेल. तास मात्र संध्याकाळी संपतो तो संपतोच. समजुतीसाठी काही आकडे घेऊ. दोन साहाय्यकांचे पगार ५०,००० रुपये. सेमरश, एहरेफ्स यांसारख्या साधनांची वर्गणी व इतर संगणकखर्च १५,०००. जागा, वीज व इंटरनेट १०,०००. मालकाचा घरखर्च ३५,०००. एकूण मासिक खर्च १,१०,००० रुपये झाला. प्रत्येकी २०,००० रुपये देणारे सहा ग्राहक असले तर उत्पन्न १,२०,००० आणि शिल्लक १०,०००. सहांपैकी एक गेला की लगेच तितकीच तूट! शिवाय पगार पहिल्या तारखेस द्यावा लागतो आणि ग्राहकाची रक्कम त्याच्या सवडीने येते. म्हणून किमान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ह्या उदाहरणात ३,३०,००० रुपये, आरंभीच बाजूस ठेवावे. मुलास रक्कम द्यावी काय असे विचारणाऱ्या सभासदांस आमचे उत्तर हेच असते, की ती ह्या कामासाठी द्यावी. चकचकीत फर्निचर आणि काचेची केबिन ह्यांसाठी देऊ नये.

फी कशी ठरवावी, ह्याविषयी माडीवरील रीत आम्हांस पसंत आहे. प्रथम वेबसाईटची तपासणी करून लेखी अहवाल द्यावयाचा व त्याची वेगळी फी घ्यावयाची. अहवाल ग्राहकाचा, तो घेऊन त्याने दुसऱ्याकडून काम करविले तरी हरकत नाही. काम आपल्याकडे आले तर मासिक फी, पहिल्या महिन्याची आगाऊ, आणि किमान सहा महिन्यांचा करार. विक्रीवर टक्केवारी घेण्याचा मोह कित्येकांस होतो; पण फोन आल्यावर तो घेणारा मुनीम झोपेत असला तर विक्री होत नाही, आणि त्यात एस.ई.ओ. करणाराचा दोष नसतो. करावर लक्ष ठेवावे लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जी.एस.टी.ची नोंदणी करावी लागते, आणि बिलावर १८ टक्के कर लागतो. तो बिल केल्यावर भरावा लागतो, ग्राहकाने पैसे दिले नसले तरी! उद्यम नोंदणी मात्र अवश्य करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास व्याज लागते. आपल्यापैकी कित्येक सभासद घेणारे म्हणून ह्या कायद्याने गांजलेले आहेत. त्यांच्याच मुलांस देणारे म्हणून त्याचा आधार व्हावा, ही कालाची गंमत आहे.

एका गोष्टीवर थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. परिचयातील एका भगिनीने पतीच्या पश्चात पापड-मसाल्याचा व्यवसाय नेटाने वाढविला. तिची वेबसाईट ज्या इसमाने केली होती, त्याने वेबसाईटचे नाव, गूगलवरील नोंद आणि ईमेल ही सर्व स्वतःच्याच नावावर घेतलेली होती. फीविषयी मतभेद होताच त्याने कुलूप लावावे तसे सारे बंद केले. नऊ वर्षांचे नाव, शेकडो ग्राहकांचे अभिप्राय, सारे दुसऱ्याच्या हाती! तिला शेवटी नवे नाव घेऊन पहिल्यापासून आरंभ करावा लागला. भाड्याच्या वखारीचा मालक जसा आतील पोत्यांचा मालक होत नाही, तसाच वेबसाईट सांभाळणारा तिचा मालक होत नाही. डोमेनचे नाव, बिझनेस प्रोफाईल, सर्च कन्सोल व ॲनालिटिक्सची खाती ग्राहकाच्याच नावाने उघडावी आणि आपण केवळ काम करण्याची परवानगी घ्यावी, हा नियम पुतण्याच्या करारपत्रात पहिल्याच कलमात आहे. ग्राहक जाऊ नये म्हणून किल्ल्या दडवून ठेवणाऱ्या पेढ्या आहेत. त्यांचे ग्राहक टिकतात, पण नवे ग्राहक पाठवीत नाहीत. आणि ह्या धंद्यात नवे ग्राहक मुख्यतः जुन्यांच्या शब्दावरच येतात.

धंदा वाढवावा कसा? ह्याबाबत सिअ‍ॅटल येथील एका मायलेकरांची गोष्ट वाचनीय आहे. जिलियन म्यूसिग ह्यांच्या छोट्या व्यवसायात त्यांचे चिरंजीव रँड फिशकिन कॉलेज सोडून सामील झाले. वेबसाईटी बांधण्याच्या त्या कामात सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज झाले. एस.ई.ओ. करवून घेण्यास पैसे नव्हते म्हणून रँड स्वतः ते शिकले, आणि जे शिकले ते रोज लिहून सर्वांस फुकट देत गेले. धंद्याची गुपिते अशी उघडी करणे आमच्या पिढीस वेडेपणाचे वाटेल; परंतु त्या लिखाणामुळेच ग्राहक त्यांस शोधीत आले व कर्ज फिटले. २००७ पासून त्यांनी आपली साधने वर्गणीवर देण्यास आरंभ केला आणि कालांतराने सल्ल्याचे काम सोडून तोच मुख्य व्यवसाय केला. पुढे 'मॉझ' ह्या नावाने ती कंपनी जगभर प्रसिद्ध झाली. २०१२ साली बाहेरच्या गुंतवणूकदारांचे १ कोटी ८० लाख डॉलर आले. नाना नव्या साधनांचा पसारा मांडला गेला. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ५९ कर्मचाऱ्यांस निरोप देऊन कंपनीस पुन्हा आपल्या मूळ शोधाच्या कामाकडे परतावे लागले. फिशकिन २०१८ साली बाहेर पडले, व कंपनी २०२१ मध्ये विकली गेली. कर्जातून वर येताना जी काटकसर होती ती परक्या पैशाने सैल केली, असे आमचे मत आहे; फिशकिन ह्यांनी आपल्या पुस्तकात बाहेरच्या भांडवलाविषयी जे कळकळीने लिहिले आहे, त्याचाही रोख साधारण असाच दिसतो.

माडीवर वाढीचे जे प्रकार झाले ते लहान आहेत. एक म्हणजे येईल त्याचे काम न घेता फौंड्री, हायड्रॉलिक आणि खाद्यपदार्थ ह्या तीनच प्रकारांस वाहून घेतले. त्यामुळे दुसऱ्या फौंड्रीचे काम पहिलीपेक्षा निम्म्या वेळात होते. एकाच शब्दासाठी भांडणारे दोन स्पर्धक ग्राहक मात्र ते घेत नाहीत. दुसरे म्हणजे प्रत्येक कामाची पद्धत लिहून ठेवली. साहाय्यक सोडून गेला तरी त्याचे ज्ञान पेढीत राहते. कोणा एका ग्राहकाकडून चौथाईहून अधिक उत्पन्न येऊ द्यावयाचे नाही, हा नियम आमच्या आग्रहाने झाला. एकाच गिरणीला सारा माल घालणाऱ्या आडत्यांचे पुढे काय होते, ते रविवार पेठेने पाहिलेले आहे. चौथा मार्ग परदेशी पेढ्यांच्या जॉबवर्कचा. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथील संस्था आपल्या ग्राहकांचे काम नाव न येऊ देता इकडे करवून घेतात. सेवा निर्यात झाल्यामुळे रीतसर हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येते व पैसे परकीय चलनात येतात. रक्कम बरी असते, पण त्यात आपले नाव होत नाही. आणि एका ईमेलने ते काम बंद होऊ शकते.

सध्याची मोठी चिंता निराळीच आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गूगलने यादीच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर देण्यास आरंभ केला. 'तूरडाळीस कीड लागू नये म्हणून काय करावे' ह्याचे उत्तर तेथेच मिळाले, तर वाचणारा पुढे वेबसाईटीवर येतोच कशाला? ज्या पेढ्यांनी ग्राहकास केवळ 'इतके हजार लोक येऊन गेले' असे आकडे दाखवून फी घेतली, त्यांच्या पट्ट्या आता उतरत्या दिसू लागल्या आहेत. खरेदीसाठी पुरवठादार शोधणारा मात्र अद्याप पत्ता, फोन, भाव आणि नमुना मागतोच. तो उत्तर वाचून थांबत नाही. म्हणून माडीवर गेल्या वर्षापासून पट्टीतील पहिली ओळ बदलली आहे. तेथे आता येऊन गेलेल्यांची संख्या नसते. आलेल्या चौकशा, त्यांतील किती कामाच्या व किती व्यर्थ, हे लिहिलेले असते. ह्यासाठी ग्राहकाच्या कचेरीत फोन घेणाराने 'आमचे नाव आपणांस कोठे मिळाले?' असे विचारून उत्तर टिपून ठेवावे लागते, आणि सारी अडचण येथेच येते. फोन घेणारा बहुधा घाईत असतो. पुतण्याने त्यासाठी छापील कोरी वही करून प्रत्येक ग्राहकास दिली आहे. दर शनिवारी एक साहाय्यक जाऊन ती वही पाहतो, आणि कोरी आढळली तर फोन घेणाराच्या शेजारी अर्धा तास बसून ती भरवून घेतो.